पोहण्याच्या तलावाचें पाणी

उन्हाळ्याची सुटी लागली कीं पुण्यांतील पोहण्याच्या तलावांवर मुलांची झुंबड उडते. डेक्कन जिमखाना भागांतील टिळक तलाव असो, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांतील शर्यतींचा तलाव असो, कीं एखाद्या वसाहतींतील लहानसा हौद असो, सकाळसंध्याकाळ तेथें मुलें, त्यांचे शिक्षक आणि कांठावर टॉवेल घेऊन बसलेलीं वडील माणसें यांची गर्दी दिसते. पोहणें ही विद्या प्रत्येकाच्या अंगीं असावी, याविषयीं दुमत नाहीं. परंतु ज्या पाण्यांत रोज शेंकडों मुलें उतरतात, डोळे उघडतात आणि नकळत घोट-दोन घोट पोटांतही घेतात, तें पाणी आठवडेच्या आठवडे न बदलतां स्वच्छ राहतें तरी कसें, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. त्या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, आणि त्या उत्तरांत प्रत्येक पोहणाऱ्याचा वांटा केवढा आहे तें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपले आजोबा-पणजोबा नदींत नाहीं तर विहिरींत पोहावयास शिकले. पाठीस वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधावयाचा आणि वडील मंडळींपैकीं कोणीतरी कांठावरून खालीं लोटून द्यावयाचें, ही त्या काळची पोहण्याची शाळा. नदीचें पाणी वाहतें असल्यामुळें एकाच्या अंगाचा मळ घटकाभरांत पुढें निघून जाई. विहिरीला झऱ्यांचें नवें पाणी येई आणि जुनें पाणी मोटेनें शेतांत जाई. आज मुळा-मुठेच्या पाण्याची जी अवस्था झाली आहे ती पाहतां शहरांतील पात्रांत कोणी आपलें मूल पोहावयास सोडणार नाहीं, आणि शहरांतील विहिरीही बहुतेक बुजल्या. उरला तो बांधीव तलाव. परंतु या तलावाला ओघही नाहीं आणि झराही नाहीं. तें कोंडून ठेविलेलें पाणी आहे. म्हणून जें काम निसर्ग ओघानें व झऱ्यानें करीत असे, तें येथें माणसाला स्वतः करावें लागतें. त्या कामाचे तीन भाग आहेत: पाणी गाळणें, त्यांतील जंतु मारणें आणि पाण्याचा समतोल राखणें.

पाणी निवळून घेण्याची कल्पना पुण्याला नवी नाहीं. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, इ. स. १७५० च्या सुमारास, कात्रज येथें तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळानें शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणलें गेलें. या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून हवा खेळे आणि पाण्याबरोबर आलेला गाळ तेथें खालीं बसे. घरोघरींही गढूळ पाण्यांत तुरटी फिरविण्याची चाल पावसाळ्यांत आपण पाहिलेली आहे. तुरटीमुळें पाण्यांतील अतिसूक्ष्म कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात, आणि पुंजका जड झाला कीं तो तळाशीं जातो किंवा गाळणींत अडकतो.

आजच्या तलावाची गाळणी म्हणजे वाळूनें भरलेली एक मोठी बंद टाकी होय. पंप तलावांतील पाणी ओढून घेतो, वाळूच्या थरांतून दाबानें पाठवितो आणि पुन्हां तलावांत सोडतो. कांहीं दिवसांनीं वाळूंत मळ सांचून दाब वाढूं लागला, म्हणजे पाणी उलट दिशेनें सोडून वाळू धुवावी लागते. आतां थोडें गणित करूं. एक तलाव २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे असें धरूं. त्यांत ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लक्ष लिटर पाणी मावतें. हें सर्व पाणी सहा तासांत एकवार फिरवावयाचें तर पंपानें ताशीं ७५,००० लिटर पाणी ओढलें पाहिजे. परंतु साडेचार लक्ष लिटर पाणी गाळलें, म्हणून तलावांतील सर्वच पाणी गाळलें गेलें, असें समजूं नये. गाळलेलें पाणी न गाळलेल्या पाण्यांतच येऊन मिसळतें आणि त्यांतील कांहीं पुन्हां गाळणींत जातें. हिशेब केला असतां एका फेरींत शंभरांपैकीं सुमारें ३७ भाग पाणी गाळणींतून न जातांच राहतें. चार फेऱ्या झाल्या कीं असें पाणी शंभरांत दोन भागांहूनही कमी उरतें. म्हणून पंप केवळ पोहण्याच्या वेळेपुरता चालवून भागत नाहीं.

वाळू मळ अडविते, परंतु जंतु फार बारीक असल्यामुळें ते तींतून सुटतात. त्यांचा नाश क्लोरीन करितो. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञानें १७७४ मध्यें हा पिवळसर हिरवा वायु प्रथम तयार केला, आणि हम्फ्री डेव्ही यानें १८१० मध्यें तें एक मूलद्रव्य आहे असें ठरवून त्याच्या रंगावरून त्यास हें नांव दिलें. पहिल्या महायुद्धांत, एप्रिल १९१५ मध्यें, बेल्जममधील ईप्र येथें याच वायूनें खंदकांतील हजारों सैनिकांचे प्राण कासावीस केले. परंतु त्याच्या दहाच वर्षें आधीं, १९०५ मध्यें, इंग्लंडांतील लिंकन शहरीं विषमज्वराची साथ आली असतां पिण्याच्या पाण्यांत क्लोरीनयुक्त द्रव्य घालून ती आटोक्यांत आणली होती. पुढें १९११ च्या सुमारास अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावांत हाच उपाय योजण्यांत आला. एकाच द्रव्यानें मारणेंही होतें आणि तारणेंही होतें. भेद केवळ प्रमाणाचा.

तें प्रमाण किती असावें? तलावाच्या दर दहा लक्ष भाग पाण्यांत एक ते तीन भाग मोकळा क्लोरीन असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. एक लिटर पाण्यांत एक मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे दहा लक्षांत एक भाग. वरच्या आपल्या तलावांत तेवढें प्रमाण येण्यास ४५० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरींत क्लोरीन सुमारें एकतृतीयांश असतो. तेव्हां पावडर सुमारें एक किलो चारशें ग्रॅम घ्यावी लागेल. हीच पावडर पावसाळ्याच्या दमट हवेंत उघडी राहिली तर तिचें तेज उतरतें, आणि तोच हिशेब फसतो.

येथें ‘मोकळा’ हा शब्द नीट ध्यानांत ठेवावा. पाण्यांत घातलेल्या क्लोरीनपैकीं कांहीं भाग तत्काळ मळ, घाम, तेल आणि पालापाचोळा यांच्याशीं झुंजण्यांत खर्च होतो. तो खर्च भागून जें उरतें, तीच तलावाची खरी शिल्लक. पुढच्या क्षणीं एखाद्या मुलाच्या अंगावरून नवे जंतु पाण्यांत आले तर त्यांना मारावयास ती शिल्लकच उपयोगीं पडते. घरांत पगार किती येतो यापेक्षां महिनाअखेर गांठीस काय उरतें, यावर संसाराची निर्भयता अवलंबून असते. पाण्याचेंही तसेंच आहे. ही शिल्लक शून्यावर आली असतां पाणी दिसावयास स्फटिकासारखें असूनही घातक ठरूं शकतें.

पुणेंकरांना याची आठवण फार जुनी नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या बाजूस गुइलेन-बॅरे नांवाच्या, हातापायांतील शक्ति हिरावून घेणाऱ्या विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले. कांहीं रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर हा आंतड्याचा जंतु आढळला, आणि संशयाचें बोट दूषित पाण्याकडे वळलें. हें पिण्याच्या पाण्याचें उदाहरण झालें, तलावाचें नव्हे. परंतु हा जंतु क्लोरीनपुढें टिकाव धरीत नाहीं. पाण्यांत मोकळ्या क्लोरीनची शिल्लक रोज मोजणें हें निरर्थक कारकुनी काम नाहीं, एवढें त्यावरून समजावें.

जंतु किती वेळांत मरतो, हेंही जाणण्यासारखें आहे. दहा लक्षांत एक भाग मोकळा क्लोरीन असेल तर हगवण उत्पन्न करणारे ई. कोलाय जातीचे जंतु एका मिनिटाच्या आंत मरतात. काविळीच्या एका प्रकाराच्या, म्हणजे हिपॅटायटिस ‘ए’च्या, विषाणूस सुमारें १६ मिनिटें लागतात. जिआर्डिया या परोपजीवी जीवास सुमारें ४५ मिनिटें पुरतात. मात्र क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक परोपजीवी असा चिवट आहे कीं तो त्याच पाण्यांत दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. तो पाण्यांत येतो जुलाब होत असलेल्या माणसाच्या शरीरांतून. येथें रसायन हात टेकतें आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धि पुढें यावी लागते. जुलाब होत असतां मुलास तलावावर मुळींच पाठवूं नये. आणि तपासणींत हा परोपजीवी आढळला असल्यास जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाठवूं नये. शुल्क भरलें आहे, दिवस फुकट जातील, हा विचार येथें गैर होय. कारण पाणी एकाचें नसून सर्वांचें आहे.

आतां समतोलाकडे वळूं. लिंबाचा रस आम्ल आहे आणि धुण्याचा सोडा अल्कली आहे, हें विद्यार्थी शिकलेच आहेत. हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा कां होतो, याचें कारण साबणांतील हाच अल्कली गुण होय. हा गुण अंकांनीं मोजण्याची रीत सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानें १९०९ मध्यें काढली. त्या अंकास पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा अंक ७. त्याखालीं आम्लता, त्यावर अल्कता. तलावाच्या पाण्याचा अंक ७·२ ते ७·८ यांच्या दरम्यान असावा. असें कां? क्लोरीन पाण्यांत दोन रूपांनीं राहतो. एक हायपोक्लोरस आम्लाचें, जें जंतूंवर प्रखर चालतें. दुसरें हायपोक्लोराइटचें, जें पुष्कळच दुबळें असतें. पीएच ७ असतां सुमारें तीनचतुर्थांश क्लोरीन प्रखर रूपांत असतो, ७·५ असतां निम्मा, आणि ८ असतां केवळ चतुर्थांश. म्हणजे क्लोरीन तेवढाच घातला, तपासणींत आंकडाही तेवढाच दिसला, तरी पाणी अल्कली झालें असल्यास त्या सैन्याचा मोठा भाग झोंपलेला असतो. उलट पीएच फार उतरला तर डोळे व कातडी चुरचुरतात, आणि पंपाचे धातूचे भाग व फरशांमधील सिमेंट झिजूं लागतें.

पीएच एका जागीं स्थिर ठेवण्याचें काम पाण्यांतील बायकार्बोनेट क्षार करितात. त्यांचें प्रमाण दर लिटरास ८० ते १२० मिलिग्रॅम असावें. तें कमी झालें तर थोडेसें आम्ल पडतांच अंक एकदम खालीं येतो, आणि थोडासा सोडा पडतांच वर उडतो. तें वाढविण्यास आपला खाण्याचा सोडाच उपयोगी पडतो. तिसरी गोष्ट पाण्याचा जडपणा. खडकवासल्याच्या बाजूनें येणारें धरणाचें पाणी सामान्यतः हलकें असतें, तर काळ्या खडकांत खणलेल्या कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें. फार जड पाणी फरशांवर व नळांत पांढरी पुटें चढवितें. फार हलकें पाणी सिमेंटमधील चुना ओढून घेतें. म्हणून उन्हाळ्यांत तलाव टँकरच्या पाण्यानें भरला कीं मागील आंकड्यांवर विसंबून न राहतां पुन्हां तपासणी करावी लागते.

उन्हाळ्याचा आणखी एक प्रताप आहे. सूर्यप्रकाशानें क्लोरीनचें विघटन होतें, आणि वैशाखाच्या उन्हांत उघड्या तलावांतील बराचसा क्लोरीन दोन-तीन तासांत नाहींसा होऊं शकतो. त्याच वेळीं ऊब व प्रकाश मिळाल्यामुळें शेवाळ मात्र झपाट्यानें वाढतें. यास्तव क्लोरीनची मुख्य मात्रा सूर्यास्तानंतर, पोहणारे बाहेर पडल्यावर घालणें श्रेयस्कर, आणि तपासणी दिवसांतून अनेकदां व्हावी. कांहीं ठिकाणीं उन्हापासून क्लोरीनचें रक्षण करणारें सायन्यूरिक आम्ल वापरतात. परंतु तें पाण्यांत सांचत जातें आणि फार झालें कीं क्लोरीनचा जोरच मंदावतो. मग कांहीं पाणी काढून नवें भरण्यावांचून गत्यंतर नसतें.

आतां एका लोकभ्रमाचा समाचार घेऊं. तलावापाशीं जातांच उग्र वास आला म्हणजे ‘येथें क्लोरीन भरपूर आहे, पाणी अगदीं शुद्ध असेल,’ असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. घाम व मूत्र यांतील नत्रयुक्त पदार्थांशीं क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नांवाचीं द्रव्यें बनतात. तो उग्र वास त्यांचा. डोळे लाल होतात ते बहुधा त्यांच्यामुळें, आणि खोकल्याची ढासही त्यांचीच. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा हा वास आहे: जंतु मारण्याच्या कामीं क्लोरामाइन दुर्बळ, पण गाजावाजा मात्र मोठा. ज्या तलावाची निगा उत्तम आहे तेथें वास अगदींच बेताचा येतो.

पाण्यांत लघवी करणें ही गोष्ट हंसण्यावारी नेली जाते. परंतु शास्त्रज्ञांनीं तिचें मापच काढलें आहे. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ मध्यें एक युक्ति प्रसिद्ध केली. साखरेऐवजीं खाद्यपेयांत घालतात तें एक कृत्रिम गोड द्रव्य शरीरांत न पचतां मूत्रावाटे जसेंच्या तसें बाहेर पडतें. तलावाच्या पाण्यांत तें किती आहे हें मोजून त्यांनीं मूत्राचा अंदाज बांधला. ८,३०,००० लिटरच्या एका तलावांत तो सुमारें ७५ लिटर निघाला. यावर निराळें भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं. तलावांत उतरण्यापूर्वीं शौचालयांत जाऊन यावें आणि एक मिनिटभर अंगावर पाणी घेऊन चोळून स्नान करावें. एवढ्यानें अंगावरील घाम, तेल व धूळ यांपैकीं बहुतेक भाग निघून जातो. केंसांना तेल चोपडून पाण्यांत उतरणें, किंवा मैदानावर खेळून आल्यावर तसेंच उडी मारणें, म्हणजे सर्वांच्या शिल्लकेंतून स्वतःपुरता खर्च करणें होय.

आतां सावधगिरीविषयीं. ज्या खोलींत हीं द्रव्यें ठेवतात तेथें मुलांनीं पाऊल टाकूं नये. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आलीं कीं तोच विषारी वायु भपकन् बाहेर पडतो. क्लोरीनचीं दोन निरनिराळीं चूर्णेंही कधीं एकत्र करूं नयेत. आणि आम्ल नेहमीं पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत ओतूं नये. ऑक्टोबर २०२३ मध्यें पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या पोहण्याच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली, आणि श्वासाचा त्रास झालेल्या अनेकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. असा प्रसंग आला तर काय झालें हें पाहण्यास न थांबतां तत्काळ पाण्याबाहेर पडावें आणि वारा ज्या बाजूनें येत असेल त्या बाजूस दूर जावें. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें सखल जागीं सांचतो. यास्तव उंचवट्याकडे धांव घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. पाणी नितळ हवें तें केवळ शोभेकरितां नव्हे. बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं; तें मुकाट्यानें खालीं जातें. पाणी गढूळ किंवा हिरवट असेल तर कांठावर उभ्या असलेल्या रक्षकाचे डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी तळाशीं गेलेलें मूल त्याला दिसत नाहीं, आणि गेलेलीं दोन-चार मिनिटें परत येत नाहींत. म्हणून सर्वांत खोल जागेचा तळ कांठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशीं तलाव बंद ठेवणें हेंच व्यवस्थापकांचें कर्तव्य होय, आणि मुलास घरीं परत नेणें हें पालकांचें.

पालकांस एवढीच विनंति आहे कीं, मुलाचें नांव घालण्यापूर्वीं तलावावर एक फेरी मारावी. तळ दिसतो काय, क्लोरीन व पीएच यांचे त्या दिवशींचे आंकडे फळ्यावर लिहिलेले आहेत काय, स्नानाच्या नळांना पाणी येतें काय, रक्षक आपल्या जागेवर आहे काय, हें पाहावें आणि विचारण्यास संकोच करूं नये. जो तलाव नीट चालविला जातो तेथील माणसें असे प्रश्न आनंदानें ऐकतात. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचें काम याहून सोपें आहे. नळाखालीं घालविलेलें एक मिनिट कोणी मोजीत नाहीं, आणि त्याबद्दल कोणी बक्षीसही देत नाहीं. परंतु त्या एका मिनिटानें, तुमच्यामागून पाण्यांत उतरणाऱ्या एखाद्या अनोळखी लहान मुलाच्या वांट्याचा क्लोरीन त्याच्यासाठीं शिल्लक राहतो.